पत्त्यावरचं नाव

थोरलीचा एक बाणा होता: कुणापुढे हात पसरायचा नाही. शिवणकामाचे नमुने विकणारी तिची वेबसाइट होती, त्यासाठी भाड्याचा सर्व्हर होता, आणि गिऱ्हाइकांना मेलही ती त्याच सर्व्हरवरून स्वतः पाठवायची. आपला हात जगन्नाथ!

घरात आवाज म्हणाल तर शिवणयंत्राचा. पूर्वी धाकट्या बहिणीचा रोज फोन यायचा. धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा भर जेवणात, नवऱ्यामुलासमोर, थोरली बोलून गेली, "वर्षभर टिकलं तरी मिळवलं!" तेव्हापासून फोन बंद. मग थोरलीनेच मोठ्या मनाने, निदान तिच्या मते मोठ्या मनाने, एक पत्र मेल केलं. उत्तर नाही. "बसली असेल फुगून," म्हणत तिने दिवस ढकलले, पण एकटीने जेवायला बसलं की अर्धं ताट तसंच राही.

एक दिवस एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "बाई, तुमचा मेल स्पॅमच्या कचऱ्यात पडला होता हो. चुकून सापडला."

वाईट बातमीने एवढा आनंद थोरलीला आजवर झाला नव्हता. म्हणजे धाकटीने पत्र पाहिलंच नाही! ती बिघाड शोधायला बसली. कळलं ते असं: मेल घेणारा सर्व्हर आधी चौकशी करतो, हा मेल ज्या सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून आला, त्या पत्त्यावर नाव कुणाचं? या उलट्या नोंदीला रिव्हर्स डीएनएस म्हणतात. थोरलीच्या पत्त्यावर नावच नव्हतं. बिननावाच्या पाहुण्याला कोण घरात घेणार?

तिने आपल्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, सेटिंगमध्ये नोंद भरली. तपासलं, तर ढिम्म. पुन्हा भरली, सर्व्हर बंद करून चालू केला, स्वतःवर चिडली, सर्व्हरवर चिडली. शेवटी नाक मुठीत धरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन लावला.

तिथला माणूस हसला. "बाई, तुमच्याकडे ही नोंद कितीदा भरलीत तरी तिला विचारतो कोण? नावाचा पत्ता तुम्ही सांगायचा. पत्त्यावर नाव कुणाचं, हे पत्त्याच्या मालकाने सांगायचं, म्हणजे आम्ही. नाहीतर कुणीही उठेल आणि स्वतःला काहीही म्हणवून घेईल. नाव सांगा, टाकतो."

"मग आधीच का नाही टाकलंत?"

"तुम्ही मागितलंत कुठे?"

संध्याकाळी तिने त्या गिऱ्हाइकाला मेल पाठवून पाहिला. सरळ इनबॉक्समध्ये गेला. मग तिने धाकटीला तेच जुनं पत्र पुन्हा पाठवलं, एक अक्षरही न बदलता, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

सकाळी उत्तर आलं.

"ताई, पहिलं पत्रही मिळालं होतं. तुझं काही येईल म्हणून मी सगळीकडे बघायचे, कचऱ्यातसुद्धा. तिथेच सापडलं. आता पुन्हा तेच आलंय. अडचण पोचण्याची नव्हती गं."

थोरलीने आपलं पत्र उघडलं आणि पहिल्यांदाच धाकटीच्या जागी बसून वाचलं. "माझं चुकलं असेल, पण" इथून सुरुवात होती आणि खाली नुसता उपदेश. जेवताना ती जे बोलली होती, त्याचा कुठे उल्लेखही नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि धाकटीची इतकी आठवण आली की रडू आवरेना.

तिने नवं पत्र लिहायला घेतलं. "माझं चुकलं," एवढं लिहिलं. त्यापुढे कसं लिहायचं, ते तिला येत नव्हतं.