नवसाबाईच्या लुगड्याची पट्टी

मी पट्टी बोलतेय. पोटाला बांधायची. नाव ऐकून नाक मुरडू नका, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कपाटाच्या तळाशी घडी होऊन पडली असेल. बाळंतिणीचं पोट आवळायला किंवा ऑपरेशनची बाई घरी आली की तिच्या कमरेभोवती गुंडाळायला जुन्या सुती लुगड्यासारखं दुसरं काही नाही, असं म्हणतात. मलाही त्याचा गर्व होता. पण मला बांधल्यामुळे एका बाईच्या जिवावर बेतलं. ते सांगायचं म्हणून मी तोंड उघडलंय.

माझा जन्म मालेगावच्या मागावरचा. तेव्हा मी अख्खं नऊवारी लुगडं होते, हिरव्या चौकटींचं आणि लाल काठाचं. नवसाबाईच्या भावानं तिच्या मुलाच्या, सोमनाथच्या, बारशाला मला नाशिकच्या मेनरोडवरून विकत घेतलं. नवसाबाईचा मळा शहराच्या कडेलाच. मेथी, कोथिंबीर, थंडीत शेवंती. मला नेसून ती वाफ्यांत बसायची, मला खोचून वाफ्यांना पाणी द्यायला दारं धरायची, माझ्याच पदराची चुंबळ करून डोक्यावर पाटी घ्यायची. नवं लुगडं म्हणून मला जपावं असं काही तिच्या मनात आलं नाही, आणि मलाही ते आवडलं.

सोमनाथच्या पाठीवर दोन मुली झाल्या. मग तिच्या सासूनं, चिमणाबाईनं, ठरवलं की आता पुरे. कुटुंबनियोजनाच्या शिबिराची गाडी आली, नवसाबाई गेली. जाशील का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. टेम्पोत ओळीनं निजवून बायका घरी आणल्या, त्यात तीही होती, अंगावर मीच होते. शेवंती तोडणीला आलेली. फुलं काही कुणाच्या टाक्यांसाठी थांबत नाहीत, असं चिमणाबाई म्हणाली आणि सुनेच्या डोक्यावर पाटी दिली. एक टाका पिकला, कसाबसा आपोआप भरला. तेव्हापासून नवसाबाई उजव्या अंगाला हात दाबून, कमरेत वाकून चालायला लागली.

गावातल्या बायकांनी निदान केलं. पोट बांधलं नाही म्हणून आत वारं शिरलं. पाटीचं नाव कुणीच घेतलं नाही. पाटीचं नाव घेतलं असतं तर चिमणाबाईचं घ्यावं लागलं असतं, वाऱ्याला बिचाऱ्याला कोण विचारतो. नवसाबाईनं मात्र ते मनावर कोरून घेतलं. दुखतंय का म्हणून कुणी कधी विचारलंच, तर ती “नाय” म्हणायची आणि कामाला लागायची.

पुढे मी विटले, विरले. माझा एक तुकडा गोधडीत गेला आणि उरलेलीची झोळी झाली. सोमनाथची बायको मंजुषा लासलगावकडची. तिची मोठी मुलगी वेदिका माझ्यात झोपली, मग धाकटी सायलीही. लुगड्याच्या जातीला झोळी होण्यासारखं सुख नाही. आढ्याला टांगून घ्यावं, हलावं, दुधाचा वास अंगात मुरू द्यावा. आणखी एक पोर आलं असतं तर मला आवडलंच असतं, खोटं कशाला बोलू.

पण सायलीच्या वेळी मंजुषा मरता मरता वाचली होती. अंगात रक्त नव्हतं, बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. पुन्हा दिवस गेले तर भरवसा देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. सायली रांगायला लागली आणि मंजुषानं विषय काढला. आपल्याला ऑपरेशन करून घ्यायचं आहे. आधी तिनं सोमनाथलाच विचारून पाहिलं, पुरुषांचं ऑपरेशन सोपं असतं म्हणे, तुम्ही करता का. सोमनाथनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. त्याच्या वतीनं नवसाबाईच बोलली, की गडीमाणसाला भाजीचे क्रेट उचलावे लागतात. मंजुषानं स्वतःच नुकत्याच उचलून खाली ठेवलेल्या क्रेटकडे पाहिलं.

मग नवसाबाईनं आपलं म्हणणं मांडलं. नातू हवा होता, हे काही तिनं लपवलं नाही. पण तिच्या आवाजात दुसरंही काही होतं, ते मी ओळखलं. इतकी वर्षं तिच्या अंगाला लागून काढलीयत मी. ती घाबरली होती.

“माझी कंबर बघ,” ती म्हणाली. “ऑपरेशन केलं आन बाई कामातून गेली. तुला तसंच व्हायचं हाय का?”

“तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आत्याबाई,” मंजुषा म्हणाली. “मला मी विचारलंय.”

त्यानंतर घरात चार दिवस भांडीच बोलत होती. ठरल्या दिवशी सोमनाथ मंजुषाला टेम्पोत बसवून दवाखान्यात घेऊन गेला. नवसाबाई गेली नाही. उंबऱ्यातून बजावलं मात्र, की बरंवाईट झालं तर मला सांगायचं नाय. आणि टेम्पो वळणाआड गेल्याबरोबर ती आत आली, झोळी खाली उतरवली, माझा काठ दातात धरला आणि चर्रकन फाडून माझी लांब पट्टी काढली. साबणानं धुतली, उन्हात वाळवली, हातानं दाबून घडी केली. हे सगळं करताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मंजुषा घरी आली ती एका हातानं पोट धरून. नर्सनं सोमनाथला सांगून पाठवलं होतं, जखम कोरडी ठेवा, ओझं उचलायचं नाही, ताप आला, जास्त दुखलं किंवा पाणी यायला लागलं तर लगेच या. सोमनाथनं ते पोपटासारखं म्हणून दाखवलं. नवसाबाईनं ऐकलं आणि मला हातात घेतलं. माहेरी आई असती तर मंजुषा विसाव्याला तिकडेच गेली असती, पण आई केव्हाच वारलेली. आता जे करायचं ते सासूनंच.

तिनं सुनेला बाळंतिणीसारखं केलं. खाटेखाली शेगडी ठेवली, दार लावून घेतलं, गरम भातावर तुपाची धार सोडली, पाण्याच्या हंड्याला हात लावू दिला नाही. मला पोटाभोवती वेढे देऊन असं करकचून आवळलं की मंजुषाचा श्वास वरच्या वर राहिला. गाठ बाजूला मारून नवसाबाई म्हणाली, “आता कुठनं शिरतं वारं बघते.”

रोज सकाळी ती गाठ सोडायची, वरचे दोन वेढे उलगडायची आणि आणखी घट्ट करून बांधायची. आतला वेढा मात्र सोडायची नाही, टाके उघडे पडतील म्हणून. त्या आतल्या वेढ्यात मी शेगडीच्या धगीनं घामेजून गेलेली, आणि माझ्याखाली जखमेवरचा कापूस ओला.

मला सगळ्यांच्या आधी कळलं. उजव्या बाजूला, टाक्यांपाशी कोमट लागायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते कोमट राहिलं नाही, चटका बसू लागला. मग काहीतरी चिकट माझ्या धाग्यांत उतरलं. मी काय करणार? पट्टीला आवळता येतं, ओरडता येत नाही.

मंजुषालाही कळत होतं. ती पदराचा बोळा दातांत धरायची. पण बोलायची नाही. तिला वाटे, हूं म्हटलं की सासू म्हणणार, सांगितलं होतं ना. हट्टानं केलंय, आता निमूट सोसायचं. आणि नवसाबाईनं तरी विचारावं? तीही विचारायची नाही. विचारलं आणि सून दुखतंय म्हणाली तर, याच भीतीनं ती तिच्या तोंडाकडे न बघता भाताचं ताट ठेवून निघून जायची. एवढ्या मोठ्या दोन बाया, आणि मधे बोलायला फक्त मी, तीही मुकी. मला दोघींचाही राग आला होता.

सोमनाथ मार्केटमधून आला की दारातूनच, चपला न काढता विचारायचा, बरं आहे ना? ती हो म्हणायची. तोही बिचारा हो ऐकायलाच विचारत होता. सायली मांडीवर चढायला आली तेव्हा मंजुषानं तिला दोन्ही हातांनी ढकललं, पोरीनं भोकाड पसरलं, वेदिका तिला ओढत बाहेर घेऊन गेली. त्या दुपारी मंजुषाला हुडहुडी भरली. तिनं डब्यातली तापाची गोळी कोरडीच गिळली. टाके काढायला जायचंच आहे दोन दिवसांनी, तेव्हा दाखवू, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मला वाटलं, बाई, दोन दिवस नाहीत तुझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी नवसाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मंजुषा न्हाणीकडे जायला उठली. भिंत धरून, कमरेत वाकून, उजव्या अंगाला तळवा दाबून अंगण ओलांडू लागली.

नवसाबाईच्या हातातली जुडी खाली पडली. ती चाल तिची स्वतःची होती.

“मंजू, हिकडं ये.”

“काही नाही, आत्याबाई. अवघडलंय थोडं.”

“असं वाकून कोण चालतं ते मला ठाऊक हाय. खरं सांग, तुला माझी आण हाय.”

मंजुषा तिथेच खांबाला टेकली. “तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं.”

“नाय म्हणणार. कधीच नाय म्हणणार.”

तिनं सुनेला आत नेऊन निजवलं आणि माझ्या गाठीला हात घातला. घामानं गाठ इतकी बसली होती की दातांनी सोडवावी लागली. एकेक वेढा निघाला. शेवटचा निघेना. मी जखमेला चिकटून बसले होते. नवसाबाईनं जरा ओढलं तशी मंजुषा किंचाळली. मग कोमट पाण्याचे थेंब सोडत सोडत तिनं मला थोडं थोडं सोडवलं. आधी वास आला, मग दिसलं. सगळं लाल आणि सुजलेलं, टाक्यातून पू येत होता.

नवसाबाईनं मला उजेडात धरून पाहिलं.

“वारं नाय गं शिरलं,” ती म्हणाली. “म्या कोंडलं.”

सोमनाथचा फोन लागत होता, पण मार्केटमधल्या लिलावाच्या कल्ल्यात तो उचलत नव्हता. शेजारच्या बारकूची रिक्षा उभी होती. पोरींना शेजारी सोपवून नवसाबाई अनवाणीच निघाली, मेथी तशीच ओट्यावर विस्कटलेली. रिक्षात मंजुषाचं अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे मिटत होते. नवसाबाई तिला मिटू देईना. सायलीचं नाव घे, वेदिकाचं नाव घे, असं म्हणून सारखी बोलतं ठेवत होती. आधी मंजुषा नावं घेत होती, नंतर नुसते ओठ हलायला लागले. मी तिच्या जखमेवर हलकेच धरलेली होते. त्या रस्त्यावर एवढे गतिरोधक आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. टाके उघडले, घाण काढली, सलाईन लावलं. माझा भिजलेला भाग नर्सनं कात्रीनं कापून दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकला. उशीर केला असता तर विष अंगभर पसरलं असतं, आजची रात्रही काळजीचीच आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, इतकी घट्ट पट्टी कुणी बांधली?

नवसाबाई तोंड उघडणार तोच खाटेवरून आवाज आला. “मीच बांधली होती.”

“नाय,” नवसाबाई म्हणाली. “ती मला वाचवतीय. म्या बांधली.”

डॉक्टरीणबाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि रागवायचं ठेवून दिलं. घरी गेल्यावर कळलं तसा सोमनाथ धावत आला, तेव्हा त्याच्या हातात आईच्या चपला होत्या. ती रात्र नवसाबाईनं खाटेचा पाय धरून जमिनीवर काढली. पहाटे मंजुषाला घाम फुटला, ताप उतरला, आणि तिनं चहा मागितला.

पुढे बरं व्हायला खूप दिवस गेले. जखम आतून भरत यावी लागते, ती घाई ऐकत नाही. शेगडी गेली, दार-खिडक्या उघडल्या. पाणी सोमनाथ भरायला लागला. नळावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या, तर नवसाबाई म्हणाली, हसू द्या, दात दुखले की थांबतील. रोज सकाळी ती मंजुषाच्या उशाशी बसते आणि विचारते, दुखतंय का? सुरुवातीला मंजुषा सवयीनं नाही म्हणायची. नवसाबाई उठायचीच नाही. खरं उत्तर येईपर्यंत बसून राहायची. नातवाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मनातून गेलं की नाही, ते मला ठाऊक नाही.

आणि मी? उरले हातभर. स्वच्छ उकळून घेतलेली, चौकोनी, झोळी होण्याची हौस फिटलेली. जाता जाता एवढंच मागते. तुमच्या घरात ऑपरेशन करून बाई आली तर तिला गरम भात द्या, हंडा तुम्ही उचला, आणि माझ्यासारखी पट्टी हातात घ्यायच्या आधी तिला विचारा. विचारून उत्तर ऐकायला थांबा.

आज संध्याकाळी मंजुषानं तव्यावर खडेमीठ भाजलं, माझ्यात बांधून पुरचुंडी केली आणि सासूला पालथं निजायला सांगितलं. नवसाबाईनं बरेच आढेवेढे घेतले. शेवटी निजली. मी तिच्या कमरेवर टेकले. कितीतरी वर्षांनी ही कंबर पुन्हा माझ्याखाली आली. जुन्या टाक्यापर्यंत आखडलेली ती शीर मी लगेच ओळखली.

“आत्याबाई, दुखतंय का?”

नेहमीचं उत्तर तिच्या ओठांवर आलेलं मला कळलं. मंजुषा थांबली. हात न हलवता नुसती बसून राहिली.

“दुखतंय गं,” उशीत तोंड खुपसून नवसाबाई म्हणाली. “लय दुखतंय.”

मीठ अजून गरम आहे. मला आता बोलत बसायला वेळ नाही.