काढून टाकलेला बगळा

वैदेहीच्या पुस्तकाचं वाचन हिंदी मुलखातल्या बालाघाटच्या एका शाळेत ठेवलं होतं. चिंगी नावाची म्हैस बाजाराला जाते, एवढीच त्यातली गोष्ट. कविता तिची, चित्रं धाकट्या भावजयीची, नूतनची. नूतन मागच्या बाकावर बसली होती.

"चिंगी निघाली बाजाराला, वाटेत भेटली हजाराला," वैदेहीनं सुरात म्हटलं.

"हजार कौन है?" पुढच्या मुलीनं विचारलं.

हजार कोणीच नव्हतं. बाजाराला जुळावं म्हणून ते आलं होतं. वैदेही हसली नि पुढं वाचू लागली. प्रत्येक ओळीत यमक चोख होतं, पण चित्रात जे दिसत होतं तेच ओळीत पुन्हा सांगितलेलं. मुलं चुळबुळायला लागली. एकानं तर बुटाची नाडी सोडून बांधायला घेतली.

नवव्या पानावर मात्र सगळी पुढं सरकली. चिंगीच्या पाठीवर बसून एक बगळा भाजीवालीच्या टोपलीतली मिरची पळवत होता.

"मॅडम, ये बगुला पहले कहाँ था?"

मुलांनी पुस्तक ओढून मागची पानं चाळली. बगळा कुठंच नव्हता. पुढंही नव्हता.

नूतननं तो पानोपानी काढला होता. कुठं चिंगीच्या शिंगावर झोपलेला, कुठं तराजूत बसलेला. "कवितेत बगळा नाही, मुलांचं लक्ष उगाच विचलित होईल," म्हणून वैदेहीनंच तो पुसायला लावला होता.

"चित्र काढणाऱ्या ताईंच्या हातून बाकीच्या पानांवर काढायचा राहून गेला असेल," वैदेही म्हणाली. बोलून झाल्यावर तिला मागच्या बाकाकडं बघवेना.

दोघी स्कूटीवरून परतल्या. घराच्या फाटकाशी वैदेही म्हणाली, "नूतन, मी खोटं बोलले."

"हौ."

"तो एक बगळा पुसायचा राहिला होता का?"

"नाही ताई. मीच ठेवला. एक तरी राहू द्यावा वाटलं मले." नूतननं हेल्मेट काढलं. "पुढच्या पुस्तकाले दुसरं कोणी पाहा."

"काहून गं?" वैदेहीनं विचारलं, आणि कारण ठाऊक असून विचारलं याची तिलाच लाज वाटली.

नूतन आत गेली. जेवताना तिनं वैदेहीला नेहमीसारखंच वाढलं, भाजी आणखी हवी का तेही विचारलं.

पुढचं वाचन वारासिवनीला होतं. वैदेही एकटीच गेली. पुस्तक उघडण्याआधी तिनं मुलांना सांगून टाकलं, "यात एक खोडकर बगळा होता. चित्र काढणाऱ्या नूतनताईंनी फार छान काढला होता. मी पुसायला लावला. चूक माझी."

मग एकीनं विचारलं, "तो वो करता क्या था?"

वैदेहीनं कविता बाजूला ठेवली आणि नूतनचं एकेक चित्र आठवून सांगू लागली. मुलं खिदळत होती. हे बघायला नूतन तिथं नव्हती.