गादीकाराचे आसन

पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या बैठकी सुखाच्या करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या गादीकाराला स्वतःच्या सायकलवर धड बसता येऊ नये, ही गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली होती. घरांतले सोफे, दवाखान्यातील बाके, नाट्यगृहातील खुर्च्यांच्या रांगा. गावातील निम्मी माणसे त्याच्या हातच्या गाद्यांवर टेकत होती. अंगठ्याने दाबून गादी किती वर्षे टिकेल हे तो सांगे, आणि सांगितलेले खरे ठरे.

सायकलचा नाद त्याला लेकीने लावला. गतवर्षी दोघांनी दोनशे किलोमीटरच्या जोडफेरीत नाव घातले. फेरीचा नियम एकच, पण कठोर: जोडीने निघायचे, जोडीने पोहोचायचे, एकाने माघार घेतली की दुसऱ्याचीही फेरी बाद. एकशे विसाव्या किलोमीटरला, एका पुलापाशी, गादीकार खाली उतरला तो पुन्हा चढलाच नाही. पायांत बळ होते, छातीत दम होता. पण बसायचे कशावर? लेक चकार शब्द बोलली नाही. बापाशेजारी पुलाच्या कठड्याला टेकून तिने पाण्याची बाटली तेवढी पुढे केली. तिचे ते न बोलणेच त्याला वर्षभर सलत राहिले.

यंदाची फेरी रविवारवर येऊन ठेपली. सोमवारी लेक दुकानात डोकावली.

"बाबा, शुक्रवारी नावं पक्की करायची आहेत. खरं सांगा, जमेल ना? ऑफिसातली एक मैत्रीण यायला तयार आहे. राग मानू नका."

"राग कसला? शुक्रवारी सांगतो. पण त्या मैत्रिणीला फार आशा लावू नकोस."

"आणि त्या सीटवर आता आणखी थर चढवू नका हं! निव्वळ खोगीरभरती झालीय."

तिचे काही खोटे नव्हते. वर्षभरात त्या सीटवर आधी अर्धा इंच फोम चढला, मग जेलचे कव्हर, त्यावर पिंजलेला कापूस आणि सर्वांत वर मखमल. सारे हातशिलाईचे, टाका टाक्याला जुळलेला. प्रत्येक वेळी पहिले दहा किलोमीटर स्वर्गसुख. तिसाव्याला मुंग्या येत, आणि पन्नासाव्याला कंबरेखालचा भाग आपला की परक्याचा, हेच कळेनासे होई. मग घरी येऊन तो पुन्हा सुई-दोरा घेऊन बसे. दुखले की मऊ करायचे, हे शास्त्र त्याच्या बोटांत मुरलेले होते. ते चुकीचे असेल, ही शंका त्याला कधी शिवलीही नव्हती.

मंगळवारी तो सायकलच्या मिस्त्रीकडे गेला. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. त्यामुळे बोलण्यात भीडभाड नव्हती.

"गादीवाल्या, ही सीट आहे का पाळण्यातली दुलई?" मिस्त्रीने मखमलीत बोट खुपसून पाहिले.

"थट्टा पुरे. याहून मऊ आहे का काही तुझ्याकडे?"

"अरे, मऊपणानंच तुझा घात केलाय! बसताना भार घ्यायला माणसाला दोन हाडं दिलेली आहेत. मऊ गादीत ती बुडतात आणि सगळा भार मधल्या नाजूक जागेवर येतो. आधी तुझं माप घेऊ. हा खोक्याचा पुठ्ठा घे, मिनिटभर बस याच्यावर. हाडांच्या खुणा उमटतील."

"बैठकीचं माप, आणि ते तू मला शिकवणार? पुठ्ठ्यावर बसायला मी काय अंडी उबवणारी कोंबडी आहे?"

"नको तर नको. बस जा तुझ्या दुलईवर," असे म्हणून मिस्त्री पुन्हा चाकाच्या तारा ताणू लागला.

बुधवारी दुकानात एक जुनी आरामखुर्ची दुरुस्तीला आली. कापड उसवून गादीकाराने नेहमीप्रमाणे फोम उजेडात धरला. खळगा उजवीकडे खोल होता. मालक एका अंगावर रेलून बसणारा, हे त्याने क्षणात ओळखले. माणूस काही सांगो, फोम खरे बोलतो, ही त्याची श्रद्धा होती. खिळे आणण्यासाठी तो उठला, आणि परतताना त्याची दृष्टी स्वतःच्या स्टुलावर पडली.

ते लाकडाचे होते. उघडे, टणक. पस्तीस वर्षांत त्यावर त्याने एक चिंधीसुद्धा घातली नव्हती. घालावी असे वाटलेच नव्हते. त्याच लाकडावर तो दिवसाचे आठ तास पुढे वाकून शिवत असे, सायकलवर वाकतो तसाच, आणि एक दिवसही काही दुखले नव्हते. बसून बसून लाकडात दोन उथळ खळगे पडले होते, नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत. त्याने त्यांवरून सावकाश अंगठा फिरवला. एवढा जुना साक्षीदार बुडाखाली असताना त्याला एकदाही प्रश्न विचारला नव्हता! गादीकार एकटाच खदखदून हसला.

टेप लावला: एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साडेतेरा सेंटिमीटर. मग त्याने सायकलच्या सीटवरचे सारे थर उसवले. आतली मूळ सीट मागच्या बाजूला जेमतेम तेरा भरली. म्हणजे हाडे वर्षभर काठावर लटकत होती, आणि तो कापूस भरत होता तो त्यांच्या मधोमध!

स्टूल खांद्यावर टाकून तो थेट मिस्त्रीकडे गेला.

"आता बसायची सोय घरून घेऊन फिरतोस होय?"

"माप घे."

मिस्त्रीने खळगे पाहिले, टेप लावला आणि मान डोलावली. "साडेतेरा. पुठ्ठ्यानं हेच सांगितलं असतं, काल, पाच मिनिटांत."

"सांगितलं असतं, पण मी ऐकलं नसतं. टणक सीट काढ. मागे साडेपंधरा रुंद, मधे फट असलेली."

मिस्त्रीने सीट बसवली, पाणसळ ठेवून ती सपाट केली आणि बोल्ट आवळला.

गुरुवारी गादीकार एकटाच साठ किलोमीटर फिरून आला. आरंभी फळीवर बसल्यासारखे वाटले आणि मखमलीची आठवणही झाली. पुढे केव्हातरी त्याच्या ध्यानात आले, की गेला तासभर आपण नुसती झाडे पाहत आलो आहोत. सीट आठवलीच नाही. शुक्रवारी सकाळी त्याने लेकीला फोन केला. "मैत्रिणीला सांग, पुढच्या वर्षी बघू."

रविवारी तो पूल आला तेव्हा लेकीने वेग कमी केला.

"थांबायचं का, बाबा?"

"का? दमलीस?"

ती काही बोलली नाही. पण या वेळचे न बोलणे हसरे होते. कठडा मागे पडला.

ऊन कलताना, फेरीच्या अखेरच्या ठाण्यावर, दोघांच्या कार्डांवर एकाच शाईचे दोन शिक्के उमटले. शिक्के मारणाऱ्या बाईंनी कौतुकाने कोपऱ्यातला सोफा दाखवला. गादीकाराने तो अंगठ्याने दाबून पाहिला, "दोन वर्षं, फार तर," असे पुटपुटला आणि बाहेर येऊन दगडी पायरीवर ऐसपैस बसला. लेक मात्र उभीच राहिली.

"बस ना."

"नको. शेवटच्या चाळीसात माझीच सीट रुतायला लागली." ती ओशाळून हसली. "उद्या तुमचं स्टूल मोकळं आहे का?"

"त्याच्यावर माप उमटायला पस्तीस वर्षं लागतात, पोरी," गादीकार गंभीरपणे म्हणाला. "तू आपली मिस्त्रीकाकांच्या पुठ्ठ्यावर बस."