घास भरवण्याची परीक्षा

आमचा बुटांचा कारखाना डोमिनिकन रिपब्लिकला गेला, तेव्हा सरकारने आमची फार काळजी घेतली. आधी आमचं काम खरोखर परदेशातच गेलंय ना, याची कित्येक महिने चौकशी केली. शेजारच्या राज्यात गेलं असतं तर मदत नव्हती. कारखान्यासमोर सँडविच विकणाऱ्या नॉर्मांला ती मिळालीच नाही. त्याची सँडविचं कुठेच जात नव्हती, हीच तर त्याची अडचण होती.

मग आम्हाला नवा धंदा शिकवायचं ठरलं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या नदीकाठच्या गावात दोनच वर्ग निघाले: ट्रक चालवण्याचा आणि म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचा. ऑरेल बिसोनेटचे डोळे हाताने बूट शिवण्यात गेलेले. "तुम्हाला ट्रक दिला तर शुश्रूषेवाल्यांचं काम वाढेल," असं म्हणून मदत कचेरीतल्या बाईंनी त्याला मी शिकत होतो त्या शुश्रूषेच्या वर्गात पाठवलं.

ऑरेलला ते काम हवंच होतं. गावच्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होती, त्या जागेबरोबर आरोग्य विमा होता, आणि त्याची बायको लोरेट इन्शुलिनवर होती. कारखान्याचा विमा संपल्यापासून ती इंजेक्शन निम्मंच घेत होती. ऑरेल रागावला की म्हणायची, "मला गोड मिळतंच कुठे? रोज तुझंच तोंड बघते."

त्याची खोड एकच, वेग. कारखान्यात आम्हाला पैसे नगावर मिळायचे. दोन्ही हातांत दोरा धरायचा, हात फाकवून ओढायचा, की लगेच पुढचं भोक. हात फाकवायच्या सवयीने वर्गातही ऑरेल दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून बसायचा. वृद्धाश्रमातल्या सरावाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचा एकेक म्हातारा जेवत होता, तोवर याने पाच जणांना भरवून ताटं मोजायला सोपी जावीत म्हणून ओळीने लावून ठेवली.

"मिस्टर बिसोनेट, हे बूट नाहीत," शिकवणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या. "घास गिळला का ते बघायचं. आणखी देऊ का, असं विचारायचं. मग थांबायचं."

"किती थांबायचं?"

"ते सांगतील तोवर."

"आणि थांबण्याचे पैसे कोण देतं?"

"इथे थांबण्याचेच पैसे मिळतात."

ऑरेल माझ्याकडे वळून आम्हा कारखान्यातल्यांच्या घरच्या फ्रेंचमध्ये पुटपुटला, "हे आधी कुणी का नाही रे सांगितलं? तिकडे उगाच बोटं फोडून घेतली."

घरी तो लोरेटवर सराव करायचा. शनिवारच्या बीन्स चमच्याने भरवायचा, तिच्या गळ्याकडे टक लावून बघायचा.

"अरे, गार झाल्या त्या! नवी नवरी होते तेव्हा नाही भरवलंस, आता काय सुचतंय तुला?"

"गिळ आधी. मग बोल."

पण तो शिकला. हात थांबायला लागले.

परीक्षेला राजधानीहून एक बाई आल्या. माझ्या वाट्याला आलेल्या आजीला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. ऑरेलच्या वाट्याला ओनेझिम टेरिओ आला. आमचा जुना फोरमन. सगळा जन्म त्याने घड्याळ घेऊन आमच्या पाठीमागे उभं राहण्यात घालवला होता. आता त्याला स्वतःची मुलगी ओळखू येत नव्हती.

पहिले चार चमचे ऑरेलने असे भरवले, की बाईंनी मान डोलावली. पाचवा देऊन तो थांबला, तेवढ्यात ओनेझिमने डोळे बारीक केले.

"बिसोनेट?"

"हो, साहेब."

"हात का थांबलाय?"

"तुम्ही गिळताय म्हणून, साहेब."

"मी काय करतो ते बघायला ठेवलंय का तुला? मागे गठ्ठा पडलाय एवढा! चल, हात चालव!"

बाईंना फ्रेंच येत नव्हतं. पेशंट खुलून बोलतोय असं वाटून त्या कौतुकाने हसल्या.

"चालव म्हणतो ना!"

आणि ऑरेलचे हात चालले. मी शेजारच्या टेबलावरून बघत होतो. त्याचा चेहरा नको नको म्हणत होता, आणि हात चालत होते. ओनेझिमला ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला. नर्सबाई धावल्या, पाठीवर थापट्या मारल्या, घास बाहेर आला.

"घाई का केलीत?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"त्यांनी सांगितलं."

"पेशंटने?"

"फोरमनने."

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. पुन्हा परीक्षा देता येत होती, पण दोन महिन्यांनी. सरकारी भत्ता त्याच आठवड्यात संपत होता. वृद्धाश्रमाला तर सोमवारीच माणूस हवा होता.

ती जागा मला मिळाली. विमाही मिळाला. मला अजून काहीही झालेलं नाही.

ऑरेल अंगातला एप्रन काढून घडी घालत होता. तोंड पुसून घेतलेला ओनेझिम त्याला म्हणाला, "बिसोनेट, आज काम चांगलं झालं. सोमवारी लवकर ये. ऑर्डर मोठी आहे."

"येतो, साहेब."

आम्ही बरोबरच बाहेर पडलो. लोरेट गाडी घेऊन थांबली होती, ठेवणीतला कोट घालून. तिने काच खाली केली.

"काय म्हणाले रे?"

"काम चांगलं झालं म्हणाले," ऑरेल म्हणाला. "सोमवारी बोलावलंय."

लोरेटने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. मधेच हसत होती, देवाचं नाव घेत होती. ऑरेल गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला. कडीवर हात ठेवला, आणि दार न उघडता तसाच उभा राहिला.