चार वाजताची बस आणि नवी आवृत्ती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वय वर्षं सहा. तुमच्याकडे सहाव्या वर्षी मुलाला पहिलीत घालतात आणि त्याचा दात पडला तरी कौतुक करतात. माझा पंखा जरा कुरकुरला की "हा आता गेला" म्हणतात. माणसांच्या अकलेबद्दल माझं मत फारसं बरं नाही. ते का, हे सांगायलाच आज बसलो आहे.

माझा जन्म एका अरुंद दुकानात, काचेच्या काउंटरवर झाला. जोडणाऱ्या कारागिराने माझ्यात पडद्यावर चित्रं काढणारं उत्तम ग्राफिक्स कार्ड बसवलं, तारा नीट बांधल्या आणि म्हणाला, "गेमसाठी तगडं मशीन आहे, दहा वर्षं बघायला नको." बाबांनी मान डोलावली आणि विचारलं, "याला लाल लाइट नाही का लागत?"

लागला. तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत टेबलाखाली लाल उजेड पाडत बसलो आहे. त्या लाइटएवढं कौतुक माझ्या दुसऱ्या कशाचंच झालं नाही.

घरात माणसं चार. बाबा, म्हणजे फाइलींवर शेरे मारण्यात हयात गेलेले गृहस्थ. आई, जी मला फक्त पुसते. कॉलेजात जाणारी मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात. ती माझ्यावर चार मैत्रिणींसोबत लढाईचा खेळ खेळते. आणि मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ.

मामांनी अठ्ठावीस वर्षं बस चालवली. मग एका तपासणीत उजव्या डोळ्याने दगा दिला आणि लायसन्स गेलं. ते बहिणीकडे राहायला आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. सहा महिने बसलेच. शेवटी ताईने कुठून तरी एक जुनं स्टिअरिंग आणि पेडल आणली, मला जोडली आणि बस चालवण्याचा एक खेळ लावून दिला.

त्या दिवसापासून रोज दुपारी चारला मामा फडक्याने स्टिअरिंग पुसायचे आणि बस काढायचे. मोकळ्या हायवेवर ताशी चाळीस. मागे चिटपाखरू नसताना इंडिकेटर. माझं ग्राफिक्स कार्ड अक्षरशः जांभया द्यायचं. एका स्टॉपवर एक म्हातारी नेहमी पळत येते. तिचे पाय नीट काढायचाही मी कंटाळा करतो, पण मामा तिच्यासाठी थांबायचे. "या आजी, सावकाश," म्हणायचे. पाचला बस डेपोत लावून उठायचे आणि मग चक्क जेवायला काय आहे ते विचारायचे. तो प्रश्न सहा महिन्यांत त्यांनी विचारला नव्हता.

आता मुख्य प्रकरण. ताईच्या लढाईच्या खेळाने जाहीर केलं की यापुढे तो नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालेल. माझ्यात होती जुनी आवृत्ती. ताईच्या टीमची स्पर्धा तोंडावर आली होती. झालं, घरात चर्चासत्र भरलं.

बाबांनी कागदावर दोन रकाने आखले. जुनी, नवी. मग मनगटावरचं घड्याळ काढून मी किती सेकंदांत चालू होतो ते मोजलं. एकदा नाही, नऊ वेळा. मित्रांनो, नऊ वेळा मला झोपवून उठवलं. जाहिरातीतला आकडा शेजारी मांडून नवी आवृत्ती अकरा सेकंद वाचवते, असं कळल्यावर त्यांना कृतकृत्य वाटलं. मग चष्मा शोधण्यात त्यांनी वीस मिनिटं घालवली.

ताईचा मुद्दा वेगळा. नव्या आवृत्तीत सेकंदाला आठ चित्रं जास्त निघतात, एकशे चाळीसच्या जागी एकशे अठ्ठेचाळीस. आमचा पडदा सेकंदाला साठच दाखवू शकतो. मला ठाऊक होतं, पडद्यालाही ठाऊक होतं. आम्हाला विचारतो कोण?

शेजारचे व्हिडिओकाकाही आले. हे कुठल्याही विषयावरचे व्हिडिओ दीडपट वेगाने बघतात आणि त्याच वेगाने मत देतात. "अहो, नवीनच टाका. नाहीतर मागे राहाल!" कोणाच्या मागे, ते त्यांनी सांगितलं नाही.

आई भाजी निवडत होती. तक्त्याकडे बघून म्हणाली, "आपलं लग्न ठरताना माझ्याकडच्यांनी एवढा तक्ता केला असता, तर मी सुटले असते."

"दादा, तुमचं काय मत?" बाबांनी मामांना रीत म्हणून विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं, दाजी," मामा म्हणाले. "गाडी चालली म्हणजे झालं."

त्या खोलीत बोललं गेलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. बाबांनी ते लिहून घेतलं नाही. त्यासाठी रकानाच नव्हता.

गुरुवारी माझ्यात नवी आवृत्ती आली. पडद्यावरच्या खिडक्यांचे कोपरे गोल झाले आणि घड्याळ जरा सरकलं. बाबा म्हणाले, "बघा, किती हलका वाटतोय!" माझं वजन होतं तेवढंच होतं.

चारला मामांनी बस काढली. म्हणजे काढायला गेले. स्टिअरिंग फिरवलं, पेडल दाबलं, बस डेपोतच. कारण साधं होतं. ते स्टिअरिंग माझ्याशी ज्या छोट्या प्रोग्रॅममधून बोलतं, तो फक्त जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला होता. मामांना हे कुठून कळणार? त्यांनी चप्पल काढून अनवाणी पायाने दाबून बघितलं. टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकले, माझ्या लाल लाइटसमोर त्यांचा चेहरा आला. मग स्वतःशीच म्हणाले, "पाय बसत नसेल माझा. डोळा गेला, आता पाय."

शुक्रवारीही त्यांनी बघितलं. शनिवारपासून पुन्हा खिडकीजवळची खुर्ची.

कोणाला काही पत्ता नाही. मामांनी सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं चूक त्यांची आहे. बाकीच्यांनी विचारलं नाही, कारण ताई सरावात होती, आई कामात होती आणि बाबा मी किती पटकन चालू होतो ते पाहुण्यांना दाखवत होते.

मागे फिरायला दहा दिवसांची मुदत असते. तोवर जुनी आवृत्ती माझ्या पोटात बांधून ठेवलेली असते. नवव्या दिवशी, दुसऱ्या शनिवारी, मी पडद्यावर पाटी लावली : उद्या दुपारी बारा वाजता जुनी आवृत्ती कायमची पुसली जाईल.

"पुसू दे, जागा होईल," बाबा खुशीत म्हणाले. जागा कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ताईने मात्र जुनी आवृत्ती जाण्यापूर्वी तिच्यात काही राहिलं तर नाही ना, म्हणून खेळांची यादी उघडली. मला बोलता येत नाही, पण यादीत सगळं लिहिलेलं असतं. बसच्या खेळासमोर होतं : शेवटचं खेळलं, आठ दिवसांपूर्वी.

ती खिडकीकडे वळली. "मामा, तू बस नाही काढत हल्ली?"

"रजा टाकलीय."

"मामा!"

"अगं, गाडी हलत नाही. पायात जोर नसेल. होतं वयाने. तू खेळ."

ताईने स्टिअरिंग फिरवलं, पेडल दाबलं. बस हलली नाही. तिच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. मग ती काय समजायचं ते समजली.

"उद्या मॅच आहे ना तुझी?" बाबा म्हणाले. "आधी खेळ, मग परत जाऊ."

"मॅच पाचला आहे. बाराला जुनी जाईल. आणि ती आता कुठे मिळतही नाही."

व्हिडिओकाका दारातूनच म्हणाले, "नवीन स्टिअरिंग घ्या की!"

"बघू," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमचं 'बघू' म्हणजे काय, ते मला माहीत आहे," ताई म्हणाली आणि मैत्रिणीला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "येडी आहेस का? आदल्या दिवशी? मामा एक दिवस बस नाही चालवणार तर काय बिघडेल?"

"नऊ दिवस झाले," ताई म्हणाली आणि माझं बटण दाबलं. मी मुकाट्याने मागे फिरलो. चाळीस मिनिटं लागली. बाबांनी मोजली.

रविवारी चारला मामांनी स्टिअरिंग पुसलं, पेडलवर पाय ठेवला आणि बस डेपोतून बाहेर पडली. त्यांनी आपल्या पायाकडे एकदा बघितलं. ताई शेजारी उभी होती.

"तुझी मॅच?"

"माझ्या जागी दुसरी घेतली त्यांनी."

मामांनी पुढच्या स्टॉपवर बस थांबवली. मग बाजूची खुर्ची पायाने ओढून म्हणाले, "बस. शेवटपर्यंत सोडतो तुला."

ती बसली. पाच वाजले तेव्हा तिने एकदा घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. त्या दिवशी बस पाचला डेपोत गेली नाही.

तर मित्रांनो, आमची धूळ पुसा, पंखा साफ ठेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो : यंत्रात काही बदलायचं असेल, तर तक्ते नंतर करा. आधी घरात जो माणूस "मला काय कळतंय त्यातलं" म्हणतो, त्याला माझ्यासमोर बसवा आणि तो रोज काय करतो ते पाच मिनिटं बघा. एवढं बघायला अक्कल लागत नाही. म्हणून तर तुम्हाला सांगतो आहे.