चिमूटभर अल्ब्युमिन

सरांचा शोधनिबंध छापून आला आणि ताईंनी त्यात आपलं नाव शोधलं. वरती नाही, खाली नाही, आभारातही नाही. एकोणीस वर्षं त्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून त्यांच्या पोटातून ते संकेत-प्रथिन गाळून काढणाऱ्या ताई. कोंबडीच्या गर्भातल्या इवल्या पेशींना "तू अंगठा हो, तू करंगळी हो" असं सांगणारं ते प्रथिन. त्यात भिजवलेला बारीक मणी पंखाच्या कोंबात बसवला की तिनाच्या जागी सहा बोटं यायची, आरशातल्यासारखी दोन्ही बाजूंना; निबंध त्यावरच होता.

"सर, माझं नाव?"

"ताई, डोकं कुणाचं ते छापतात हो. हात कुणाचे ते नाही." सर हसले आणि चहा प्यायले.

ताई काच घासता घासता स्वतःशीच गुणगुणल्या:

*मणी रुजला पंखात, बोटं आली दोन्ही अंगी,
नाव गाजलं धन्याचं, माझे हात कोण सांगी?*

वर्षभरातच बोंब उठली. सरांचा प्रयोग दुसऱ्या कुणालाच जमेना. दोन परीक्षक पाहायला येणार म्हटल्यावर सरांनी छापील निबंध ताईंपुढे आपटला.

"यात लिहिलंय तसंच करायचं. एका अक्षराचाही फरक नको. कळलं?"

"कळलं, सर."

ते प्रथिन पातळ केलं की नळीच्या भिंतीला चिकटून बसतं, पाण्यात काही उरत नाही. म्हणून ताई आधी चिमूटभर अल्ब्युमिन, एक साधं स्वस्त प्रथिन, टाकायच्या. भिंतीला तेच चिकटायचं, संकेत-प्रथिन मोकळं राहायचं. वहीत मात्र कधी लिहिलं नाही. आमटीत मीठ घातलं म्हणून कुणी टिपून ठेवतं? सरांनी निबंध त्या वहीवरूनच उतरवला होता. एक दिवस जरी ते ताईंच्या टेबलाशी उभे राहिले असते, तरी दिसलं असतं.

या खेपेला अल्ब्युमिनची बाटली फडताळातच राहिली. ताईंनी मणी नुसत्या संकेत-प्रथिनात भिजवला आणि अंड्याला खिडकी पाडून पंखाच्या कोंबात बसवला.

आठवड्याने परीक्षकांसमोर अंडी उघडली. सहा बोटं यायची त्या पंखावर तीनच. दुसऱ्यात तीन. बाराच्या बारा अंड्यांत तीन.

सरांचं कपाळ घामाने डवरलं. "ताई, काय चुकलं?"

"काहीच नाही, सर. लिहिलंय तसंच केलं. एका अक्षराचा फरक नाही."

म्हाताऱ्या परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "आधी कुणाच्या हातून झालं होतं हे?"

सर घुटमळले. मग ताईंचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्यांनाच विचारू या मग," बाई ताईंकडे वळल्या. "आधी वेगळं काय करत होतात?"

सरांनी हात जोडणंच काय ते बाकी होतं. ताईंनी ॲप्रन काढला, घडी घालून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हातांना काय विचारता, बाई? डोकं समोर बसलंय की."

आणि जाता जाता त्यांनी फडताळ नीट लावून घेतलं.