तुलनेचा गट

तेविसावा पेपर तिने बाजूला काढला आणि आधी काढलेल्या पाच पेपरांवर ठेवला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहाही जणांनी एकच लिहिलं होतं. प्रश्न असा : फळीच्या उतारावरून सोडलेली छोटी गाडी हिशेबापेक्षा उशिरा पोचते, दोष कुठे आहे हे कसं शोधाल? सहा जण म्हणत होते, गाडी उलटी करा आणि चाक बोटाने फिरवा. चाक लगेच थांबलं तर दोष चाकांच्या दांड्यात; फिरत राहिलं तर फळीत.

कॉपी म्हणावी, तर शब्द सगळ्यांचे वेगळे होते. एकाने तर पुढे लिहिलं होतं, ‘आम्ही आधी उगाच फळीला नावं ठेवत होतो.’

हे पेपर ब तुकडीचे होते. ब तुकडीने चार महिने गाडीला हात लावायचा नव्हता. तिच्या प्रबंधाचा डोलारा त्यावरच उभा होता : अ तुकडीने गाड्या, कप्प्या, उतार स्वतः बनवून भौतिकशास्त्र शिकायचं, ब तुकडीने तेच धडे फळ्यावरून, आणि शेवटी कोणाला प्रश्न जास्त सुटतात ते बघायचं. अ तुकडी ती स्वतः शिकवत होती. ब तुकडी फळा सरांकडे होती. सर फळ्याकडे तोंड करून इतके रंगून शिकवत, की मागे वर्ग रिकामा झाला तरी त्यांना पत्ता लागणार नाही, असं मुलं म्हणत.

“मी खडूशिवाय काही वापरलं नाही,” सर म्हणाले. “तुम्ही सांगितलंत तसंच.”

मग त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलावून घेतलं. वर्गात तिला सगळे शंकेखोर म्हणत.

“आम्ही हे शाळा सुटल्यावर सायकलींच्या शेडमध्ये करायचो,” शंकेखोर म्हणाली. “वर्गात भिंतीपलीकडून अ तुकडीचा एवढा गलका यायचा. मग आम्हीच एक फळी शोधली, गाडी बनवली. सरांनी फळ्यावर काढलेलं उत्तर खरंच येतं का, ते बघायला.”

“कोणाला विचारलंत?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाले असते ना.”

सरांना एकाएकी खोकला आला.

“ताई, तुमचं काम बिघडलं का?” शंकेखोरने विचारलं.

“बिघडलं,” ती म्हणाली.

मुलगी घाईने म्हणाली, “पण सगळे नसायचे. अकरा जण बसने जातात. घंटा झाली की बस निघते. ते एकदाही आले नाहीत.”

संध्याकाळी तिने ते अकरा पेपर वेगळे केले. सूत्रं बरोबर होती, पाठ केलेली. शेवटच्या प्रश्नाखाली कोणी तेच सूत्र पुन्हा उतरवलं होतं, कोणी जागा कोरी सोडली होती. एकाने लिहिलं होतं, ‘हे आम्हाला शिकवलेलं नाही.’ फरक डोळ्यांत भरण्याइतका होता. तिने दोनदा गुण मोजले आणि मार्गदर्शक बाईंना फोन लावला.

“अगं, देव पावला म्हण!” बाई म्हणाल्या. “गट लहान आहे, पण चालेल. महिन्याने त्यांची आणखी एक चाचणी घे. तोवर मात्र त्यांच्या हाताला काही लागू देऊ नकोस. नाहीतर चार महिने पाण्यात.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने हे फळा सरांना सांगितलं. सर बाहीवरची खडूची भुकटी झटकत होते.

“म्हणजे ते अकरा जण आणखी महिनाभर कोरडेच.”

“एकच महिना, सर.”

“हं. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय.” त्यांनी दुसरी बाही झटकली. “मी काही म्हणत नाही. काम तुमचं.”

अकरा नावांची यादी घेऊन ती ब तुकडीत गेली. बाकीची मुलं मैदानावर होती. त्या अकरा जणांना तिने थांबवून घेतलं होतं. महिन्याने आणखी एक चाचणी आहे, असं तिने सांगितलं.

“आम्हालाच का?” खिडकीजवळच्या एका किडकिडीत मुलीने विचारलं.

“तुलना करायची आहे. बाकीच्यांशी.”

“म्हणजे त्यांना येतं आणि आम्हाला येत नाही, ते बघायला?”

मुलगी चिडली नव्हती. किती वाजले विचारावं तशी विचारत होती.

“आणि मधे काही शिकवणार नसाल, तर आम्ही तेव्हाही हेच लिहू ना?”

तिने यादीची घडी केली, मग आणखी एक घडी केली. “थांबा जरा,” म्हणाली आणि बाहेर पडली.

अ तुकडीची फळी कपाटामागे उभी करून ठेवलेली होती. गाडी तिने काखेत मारली, पण फळी एकटीला आवरण्यासारखी नव्हती. दारात आडवी अडकली. तेवढ्यात तिचं पलीकडचं टोक आपोआप उचललं गेलं. फळा सर होते.

“कुठे न्यायची?”

“ब तुकडीत.”

सरांनी फळी खांद्यावर घेतली. “आणि तुमचा महिना?”

“जरा वर धरा, सर,” ती म्हणाली. “पुढे उंबरठा आहे.”